येडशीच्या रानातला पाहुणा

येडशीच्या रानात मी पहिल्यांदा गेलो तो एका मेलेल्या म्हशीच्या चौकशीसाठी. साल १९८४. बँकेत लागून मला दोनच वर्षं झाली होती आणि माझ्याकडे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जप्रकरणं होती. म्हणजे काय, तर दुभती जनावरं, शेळ्या, शिलाई यंत्रं. म्हशीचा विमा असे आणि तिच्या कानात पत्र्याचा बिल्ला ठोकलेला असे. म्हैस मेली तर बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा. बिल्ला नाही तर क्लेम नाही. एका सकाळी एक कर्जदार फडक्यात बांधलेला कान घेऊन शाखेत आला आणि त्यानं तो माझ्या लेजरशेजारी अदबीनं ठेवला. बिल्ल्याचा नंबर जुळत होता. तरीही जागा पाहून अहवाल लिहिणं भाग होतं. म्हणून मी त्याच्यामागून निघालो.

त्या माणसाचं नाव इथं सांगत नाही, पण त्यानं मला त्या दिवशी जे दाखवलं ते मी चाळीस वर्षांत विसरलेलो नाही. उस्मानाबादहून (आता धाराशिव, हे नाव अधिकृत झालं २०२३ साली) येडशीला येईपर्यंत सगळा उघडाबोडका मुलूख. मराठवाड्याचं म्हणून जे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर येतं, तेच. आणि मग बालाघाटाच्या डोंगररांगेची कड येते, जमीन एकदम खाली कलंडते आणि त्या उतारावर चक्क झाडी लागते. धावडा, पळस, खैर, आपटा, सीताफळ. पावसाळ्याचे दिवस होते. म्हातारा पुढं, त्याचा दहा वर्षांचा पोरगा मधे आणि पँट चिखलानं भरलेला मी मागं. “साहेब, ही साळिंदराची काडी बगा.” “हितं तरस ऱ्हातंय.” मोर तर इतके ओरडत होते, की आपण एका दुःखद प्रकरणाच्या चौकशीला निघालोय हे मी विसरलो. म्हैस पाय घसरून ओढ्यात पडून मेली होती. अहवालात मी तेवढंच लिहिलं. मोरांसाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

त्यानंतर शाखेत होतो तोवर दर दोन-चार रविवारी मी तिथं जात असे. त्या काळी बार्शी लाइट ही अरुंद रुळांची गाडी येडशीवरून धावायची. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली ही लाइन १९११ मध्ये लातूरला पोचली, पण जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या उस्मानाबादला तिनं वळसाच घातला. शहरातल्या माणसाला रेल्वे गाठायची तर येडशीला यावं लागे. घाटात गाडी इतकी संथ चाले, की पुढच्या डब्यातून उतरून सीताफळं तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावं, असं लोक गमतीनं सांगत. (मी स्वतः कधी उतरलो नाही. बँकेत शिस्त अंगात मुरते.) २००८ साली रुंद रूळ आले, शहराला स्टेशन मिळालं आणि ती गंमत संपली. त्याआधीच, १९९७ साली, सरकारनं या रानाला अभयारण्याचा दर्जा दिला होता. येडशी रामलिंग घाट अभयारण्य. क्षेत्रफळ सुमारे बावीस चौरस किलोमीटर. साडेचार-पावणेपाच किलोमीटर लांबरुंद चौकोन कल्पना करा, एवढंच. मनात आणलं तर धडधाकट माणूस एका दिवसात आरपार जाऊन परत येईल. मोठ्या अभयारण्यांच्या यादीत हे नाव कुणी घेत नाही आणि आमचीही तक्रार नव्हती. चालण्याजोगं रान होतं. कोल्हा, लांडगा, रानडुक्कर, मोर, कधीतरी बिबट्याचा ठसा. फिरणाऱ्याला भीती असलीच तर रामलिंगच्या देवळातल्या माकडांची, आणि तीही हातात नारळ असेल तर.

अशा या रानात डिसेंबर २०२४ मध्ये वाघ आला.

वन विभागानं लावलेल्या कॅमेऱ्यात त्याचं छायाचित्र मिळालं. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. ते जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले तेव्हा कळलं, की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला नर आहे. टिपेश्वर ते येडशी हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून सरळ मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या वर भरतं, आणि वाघ काही पट्टीनं चालत नाही. वाटेत सोयाबीन, तूर, कापूस, ऊस, महामार्ग, रूळ, नद्या, गावं. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबरीत असा प्रसंग घातला असता, तर प्रकाशकानं ‘जरा अति होतंय’ म्हणून समासात खूण केली असती.

पण टिपेश्वरच्या वाघांना चालण्याची सवयच आहे. तिथल्याच एका तरुण नरानं २०१९-२० मध्ये नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून अधिक भटकंती केली आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम टाकला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता म्हणून हिशेब तरी लागला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. कारण साधं आहे. टिपेश्वर सुमारे दीडशे चौरस किलोमीटरांचं. वाघिणी तिथं चांगल्या नांदल्या, पिलं जगली, वयात आली आणि तरण्या नरांना बापाच्या हद्दीत जागा उरली नाही. मग ते बाहेर पडतात. आपल्याकडे मुलं पुण्याला जातात, तसंच म्हणा ना.

येडशीच्या या पाहुण्याला लोकांनी ‘रामलिंग’ असं नावही दिलं. मात्र त्याचं स्वागत काही एकमुखानं झालं नाही. बावीस चौरस किलोमीटरांत एका नर वाघाचं भागत नाही. तो बाहेर पडणारच. तो शेजारच्या बार्शी तालुक्यातही हिंडला, गुरं मारली. ज्वारीची राखण सोडून लोक संध्याकाळीच घरी परतू लागले. जानेवारी २०२५ मध्ये त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं. ताडोबाहून खास पथक आलं. सुमारे अडीच महिने शोध चालला. वाघ कॅमेऱ्यात यायचा, पण बंदुकीच्या टप्प्यात काही आला नाही. अखेर मोहीम थांबवण्यात आली.

२०२५च्या श्रावणात मी पुण्याहून नातीला घेऊन रामलिंगला गेलो. वय वर्षं नऊ. देवळासाठी पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. तिन्ही बाजूंनी ओढ्यानं वेढलेलं ते देऊळ आणि मागं पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. सीतेला पळवून नेताना रावणाशी लढून जटायू पडला तो इथंच, अशी इथली श्रद्धा. त्याची समाधीही देवळापाशी दाखवतात. नातीनं ती नीट पाहिली आणि मग खऱ्या विषयाला हात घातला : “आजोबा, वाघ कुठे आहे?” म्हटलं, “असेल इथंच कुठंतरी.” त्यावर ती सगळ्या झाडीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. आणि खरं सांगतो, मीही. चाळीस वर्षं पायाखालचं असलेलं रान एकाएकी अनोळखी आणि मोठं वाटायला लागलं. माझी जुनी पायवाट वर दिसत होती. मी तिकडे गेलो नाही.

तेव्हा मला आठवली ती आफ्रिका. माझी पुतणी काही वर्षं नैरोबीला होती. २०१६ साली तिच्याकडे गेलो असताना तिनं आम्हाला हेल्स गेट नावाच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. नैवाशा सरोवराजवळचं हे उद्यान जेमतेम अडुसष्ट चौरस किलोमीटरांचं, स्थापना १९८४ची, म्हणजे माझ्या मेलेल्या म्हशीच्याच वर्षाची. आफ्रिकेतली उद्यानं जीपमधूनच बघायची असतात, पण इथं पायी किंवा सायकलवर हिंडता येतं. तांबूस कड्यांच्या मधून मातीचा रस्ता जातो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेब्रे आपल्याकडच्या गाढवांइतक्या निवांतपणे चरत असतात. जिराफ मान वर करून तुमची सायकल जाईपर्यंत बघतो. मला तिथल्या रक्षकानं एकच बजावलं : म्हशींपासून जपा. रानम्हशी तिथं बेभरवशाच्या. मी मनात म्हटलं, बाबा, म्हशींनी मला आयुष्यभर छळलंय, तू नवीन काय सांगतोस!

पण त्याहून अधिक विचार करायला लावलं ते नैरोबी शहराला खेटून असलेल्या उद्यानानं. १९४६ साली स्थापन झालेलं, एकशे सतरा चौरस किलोमीटरांचं. म्हणजे आपल्या येडशीच्या पाचपट, तरी आफ्रिकेच्या मानानं लहानच, आणि त्यात सिंह. तीन बाजूंना कुंपण. दक्षिणेची बाजू मोकळी, कारण पावसाळ्यात जनावरं तिकडच्या कितेंगेला मैदानात उतरतात. ती जमीन मसाई गुराख्यांच्या मालकीची. त्यांनी ती विकली किंवा कुंपणं घातली, तर उद्यान गुदमरून मरेल. म्हणून २००० साली तिथं एक योजना सुरू झाली : जमीन मोकळी ठेवा, कुंपण घालू नका, विकू नका, आणि त्याबद्दल एकरी वर्षाला चार डॉलरच्या आसपास घ्या. पैसे वर्षातून तीनदा द्यायचे, मुलांच्या शाळेची फी भरायच्या वेळी. माझ्यातला बँकवाला तिथंच थबकला. हप्ता कधी द्यावा हे ज्याला कळलं, त्याला गाव कळलं, असं आमचे एक जुने मॅनेजर म्हणत. रक्कम मोठी नाही. पण ती गाय मेल्यावर मिळत नाही, आधी मिळते. जंगलाला शेजार दिल्याचं ते भाडं.

आपल्याकडे उलटं आहे. जनावर मेलं, की पंचनामा, मग बाजारभावाच्या पंच्याहत्तर टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांत जी कमी असेल ती. नियम वाईट नाही. पूर्वी तेवढंही नव्हतं. पण उरलेले पंचवीस टक्के कुणाच्या खात्यावर लिहायचे? वाघाचा अभिमान सगळ्या महाराष्ट्राला आणि त्याचं व्याज मात्र येडशीच्या शिवारानं भरायचं, हा हिशेब माझ्या लेजरमध्ये बसत नाही. वाघ न्यावा असं मला वाटत नाही. जोडीला वाघीण नसताना तो किती दिवस थांबेल, कोण जाणे. पण तो आहे तोवर त्याचं खरं रान हे बावीस चौरस किलोमीटर नसून त्याभोवतीची शेतं, माळ, ओढे हेच आहे, आणि त्यांचे मालक आहेत.

परत निघताना त्या जुन्या कर्जदाराच्या वस्तीवर गेलो. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा आता पन्नाशी ओलांडलेला. त्यानं मला ओळखलं. चहा झाला. त्याचं एक वासरू शिमग्याच्या सुमारास गेलं होतं. वाघानं की बिबट्यानं, यावर घरात दोन पक्ष होते.

“वाघ दिसला का रे तुला?”

“न्हाई साहेब. पर कुत्रं रातचं भुकायचं बंद झालंय. तेवढ्यावर समजतंय.” मग हसून म्हणाला, “तुमी आमच्या बाला कान मागितला व्हता. आता मोबाईलवर फोटू मागतेत. बरं हाय, कापाया लागत न्हाई.”

गोठ्याला त्यानं बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या. मी त्याला नैरोबीच्या त्या मसाई मुलाची गोष्ट सांगितली. रिचर्ड तुरेरे त्याचं नाव. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याच्याकडे गुरं राखायचं काम होतं आणि सिंहांनी घरचा एकुलता बैल मारला. त्यानं आधी जाळ करून पाहिला, मग बुजगावणं. सिंह दोन दिवसांत शहाणे झाले. एका रात्री तो बॅटरी घेऊन गोठ्याभोवती हिंडत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हलत्या उजेडाला सिंह बिचकतात. मग जुनी गाडीची बॅटरी, सौर पत्रा, मोटारसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि बॅटरीतले बारके दिवे जोडून त्यानं असं काही केलं, की दिवे आळीपाळीनं लुकलुकायचे. सिंहाला वाटे, माणूस फिरतोय. पोरगा आत झोपलेला. पुढं शेजारच्यांनीही असे दिवे लावून घेतले आणि २०१३ साली त्याला अमेरिकेत बोलावून त्याचं भाषण झालं.

“आपल्या वाघाला ते लागू पडेल की नाही, मला माहीत नाही,” मी म्हणालो. “सिंहाची गोष्ट आहे.”

नात मधेच म्हणाली, “पण करून बघायला काय हरकत आहे? इंडिकेटर तर आहे ना तुमच्याकडे!”

अंगणात त्याची मोटारसायकल उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

“सौर पत्रा केवढ्याला पडंल, साहेब?”

मी अंदाजानं आकडा सांगितला.

“बँक कर्ज देईल का ह्यास्नी?”

म्हटलं, मी रिटायर झालोय. पण अर्ज लिहून देतो. त्यानं आतून वहीचं पान आणि पेन आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.