नंबर काढायचा, पण कुठे?

पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंत, चष्म्याचा नंबर लेझरने काढून देणाऱ्या खासगी क्लिनिकच्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत सर्वांत ठळक असते ते मशीनचे नाव. लॅसिक, फेम्टो, स्माइल, कॉन्टुरा, ‘ब्लेडलेस’. मग क्लिनिक शोधणारा माणूसही त्याच भाषेत विचार करू लागतो: कोणाकडे नवे मशीन आहे, कोण किती सवलत देते, हप्ते पडतील का. माझ्या मते ही तुलनाच चुकीच्या जागी सुरू होते. या शस्त्रक्रियेत डोळ्याचे बरे-वाईट बव्हंशी लेझर सुरू होण्याआधी, तपासणीच्या खोलीत ठरते. म्हणून क्लिनिक किती बारकाईने तपासते आणि कोणाला शस्त्रक्रिया न करता परत पाठवते, यावरून त्याची पारख करायला हवी.

याचे कारण कॉर्नियाच्या जाडीत आहे. बुबुळासमोरचा हा पारदर्शक पडदा मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५२० ते ५५० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. लेझर त्याचा काही भाग झिजवून त्याची वक्रता बदलतो, आणि झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. एक हिशेब मांडून पाहू. कॉर्निया ५०० मायक्रॉनचा, नंबर उणे ७. लॅसिकमध्ये आधी वरचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलतात. तो ११० मायक्रॉनचा धरू. एका नंबरमागे अंदाजे १४ मायक्रॉन धरले तर लेझरने आणखी ९८ मायक्रॉन जातात. खाली उरले २९२. किमान २५० उरले पाहिजेत हा जुना नियम, आणि त्यात हा डोळा बसतो. पण फ्लॅप आणि झीज मिळून २०८ मायक्रॉन, म्हणजे मूळ जाडीच्या जवळजवळ ४२ टक्के भागाला हात लागला. आणि हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले की धोका वाढतो असे २०१४ पासूनचे अभ्यास सांगतात. एकच डोळा एका नियमाने चालतो आणि दुसऱ्याने अडतो. अशा डोळ्यापाशी थांबून विचार करणारा डॉक्टर आणि ‘बसतंय की’ म्हणून पावती फाडायला घेणारा काउन्सेलर यांतला फरक मशीनच्या नावावरून कळत नाही.

धोका आहे तो एक्टेशियाचा. कमकुवत झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगतो, नजर वेडीवाकडी होत जाते आणि साध्या चष्म्याने ती सुधारत नाही. ज्यांच्या डोळ्यांत केराटोकोनस आधीच दडून बसलेला असतो, म्हणजे कॉर्निया आपणहूनच शंकूसारखा होऊ लागलेला असतो, त्यांना हा धोका सर्वाधिक. सुरुवातीला हा आजार नंबर तपासताना ओळखू येत नाही. त्यासाठी कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढावा लागतो, पेंटाकॅमसारख्या यंत्रावर. आपल्याकडे केराटोकोनस दुर्मीळ आहे असेही नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’मध्ये ३० वर्षांवरच्या लोकांत त्याचे प्रमाण २.३ टक्के निघाले. तिथे निदान केवळ वक्रतेवरून केले होते, त्यामुळे आकडा वरचा असू शकतो. पण निम्मा धरला तरी शंभरात एक माणूस होतो. शिवाय नंबर सारखा बदलतो, चष्मा घालूनही स्पष्ट दिसत नाही, अशी तक्रार असलेला तरुण लेझरच्या दारात येण्याची शक्यता जास्त, आणि नेमकी हीच केराटोकोनसची सुरुवातीची लक्षणे असू शकतात. म्हणून ‘डोळे चोळायची सवय आहे का? घरात कोणाला हा आजार आहे का?’ हे दोन साधे प्रश्न विचारणारा डॉक्टर मला महागड्या मशीनइतकाच मोलाचा वाटतो.

यावर आक्षेप येतो की जगभर लाखो लोकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते खूश आहेत, मग एवढी धास्ती कशाला? आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेच्या एफडीएने केलेल्या ‘प्राऊल’ अभ्यासांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या नजरेबद्दल समाधानी होते. त्याच अभ्यासांत, आधी असला कुठलाही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलये, प्रकाशाची तिरीप, दुहेरी दिसणे यांपैकी निदान एक तक्रार होती. आणि ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे डोळे नव्याने कोरडे पडू लागले होते. त्या दृष्टिदोषांपायी रोजची कामे फार अडतात असे सांगणारे मात्र एक टक्क्याहून कमी. हे सगळेच आकडे रुग्णाला आधी कळायला हवेत. पण ९५ टक्क्यांमागची अट विसरून चालणार नाही: ते रुग्ण तपासून निवडलेले होते. ज्यांचे डोळे लायक नव्हते ते त्या आकड्यात नाहीतच. तपासणीत घाई करणाऱ्या क्लिनिकला हा आकडा स्वतःच्या जाहिरातीत वापरण्याचा अधिकार पोचत नाही.

नव्या तंत्राला काही किंमतच नाही, असे मी म्हणत नाही. ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद लेझरने फ्लॅप अधिक नेमका होतो. स्माइलमध्ये फ्लॅपच नसतो, लहानशा छेदातून कॉर्नियाची एक चकती काढून घेतात. त्यामुळे कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्याला फ्लॅप सरकण्याची भीती राहत नाही. पण एक्टेशियाची प्रकरणे स्माइलनंतरही नोंदली गेली आहेत. उलट पीआरके हे सर्वांत जुने लेझर तंत्र फ्लॅपविना होते आणि पातळ कॉर्नियाला कित्येकदा तेच बरे पडते. मात्र त्यात पहिले काही दिवस दुखते, नजर स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातींत ते फारसे दिसत नाही. नव्याची घाई या क्षेत्राला एकदा चांगलीच भोवली आहे. लेझरच्या आधी, १९७० च्या दशकात सोव्हिएत डॉक्टर फ्योदोरोव यांनी कॉर्नियावर चिरा देऊन नंबर घालवण्याची पद्धत गाजवली. अमेरिकेतल्या ‘पर्क’ अभ्यासाने ती पद्धत वापरलेल्या रुग्णांवर दहा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ४३ टक्के डोळे अधिक (प्लस) नंबरच्या दिशेने एक किंवा त्याहून जास्त नंबरने सरकलेले आढळले. ज्या क्लिनिकमध्ये प्रत्येकाला एकच तंत्र सुचवले जाते, तिथे डोळा पाहून निर्णय होतो की मशीनचे कर्ज पाहून, हा संशय घ्यायलाच हवा. पीआरके, डोळ्यात बसवायचे आयसीएल भिंग आणि शेवटी चष्माच राहू देणे, हे तिन्ही पर्याय तिथे मोकळेपणाने बोलले जायला हवेत.

सामान्य माणसाला हे कसे कळणार, असे कोणी म्हणेल. कळते, त्यासाठी वैद्यकीचे ज्ञान लागत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला तपासणीआधी मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवायला सांगतात का, ते पाहावे. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि सगळी मोजमापे फसतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रू मोजले का? थेंब टाकून बाहुली मोठी करून रेटिना पाहिला का? उणे नंबरवाल्यांच्या रेटिनाला छिद्रे पडण्याचा धोका नंबर गेला तरी कायम राहतो. गेल्या वर्षभरातला नंबर स्थिर आहे याचा जुना कागद मागितला का? सकाळी तपासणी आणि दुपारी शस्त्रक्रिया असा बेत ठेवणारे क्लिनिक यातल्या निम्म्या गोष्टी गाळते. चाळिशीकडे झुकलेल्याला जवळचा चष्मा तरीही लागेल, हे न विचारता सांगितले गेले पाहिजे. आणि नोकरीसाठी लेझर करणाऱ्या मुलामुलींना तर ‘कुठल्या भरतीसाठी?’ असे विचारायलाच हवे. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदाला लॅसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो. चष्मा काढायला गेलेल्या पोराची नोकरीच जाते.

पैशाचा मुद्दा खरा आहे. आरोग्य विमा साधारणपणे ७.५ पेक्षा कमी नंबरची शस्त्रक्रिया धरत नाही, म्हणजे बहुतेकांना खर्च खिशातूनच करावा लागतो आणि सवलत मोहात पाडते. पण आज रात्रीपर्यंतच असलेली सवलत माणसाला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ देत नाही, आणि तिचा हेतू बहुधा तोच असतो. समिरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संमती खरी ठरायची तर उपचार, त्यातले धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला आधी मिळाली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे नेता नेता सही घेतलेल्या इंग्रजी फॉर्मात ती माहिती नसते. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आदल्या भेटीत स्वतः बोलला पाहिजे, ते काम काउन्सेलरवर सोडून भागत नाही.

कागदपत्रांचा प्रश्न रुग्ण सहसा विचारत नाही, तोही याच भेटीत विचारावा. लेझरने कॉर्निया बदलला की वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या भिंगाची पॉवर नेहमीच्या सूत्रांनी काढताना चुकते, आणि काचबिंदूच्या तपासणीत डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. तेव्हा आधीची मोजमापे फार उपयोगी पडतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, पण दाखल रुग्णांच्या नोंदीही जपण्याचे बंधन तीन वर्षांचेच आहे. म्हणून पेंटाकॅमचे रंगीत नकाशे, मूळ जाडी, जुना नंबर आणि किती मायक्रॉन काढले याचा कागद शस्त्रक्रियेच्याच आठवड्यात मागून घ्यावा आणि घरच्या फायलीत ठेवावा. साठीत मोतीबिंदू काढणारा डॉक्टर सर्वांत आधी तोच मागेल.