नादारांचा वकील

कर्जांत बुडालेल्या माणसानें वकिलाची फी कोठून द्यावी? अमेरिकेंत नादारीचीं कामें चालविणाऱ्या वकिलाच्या व्यवसायाचें मर्म या प्रश्नांत आहे. श्रोतेहो, ४ वर्षें महाविद्यालय व ३ वर्षें कायद्याचें शिक्षण संपवून, परीक्षेअंतीं सनद मिळाली म्हणजे तो या धंद्यांत पडतो. १९७८ च्या कायद्यान्वयें ऋणकोपुढें मुख्यत्वें दोन वाटा असतात. सातव्या प्रकरणाखालीं, कायद्यानें राखून ठेवलेली चीजवस्तु वगळून बाकीची मालमत्ता विकली जाते व बहुतेक कर्ज माफ होतें. पोटगी मात्र सुटत नाहीं. तेराव्याखालीं ३ ते ५ वर्षें मिळकतींतून हप्ते भरावयाचे; थकलेल्या गहाणांतून राहतें घर वाचविण्यास ही वाट उपयोगी पडते. अर्ज दाखल होतांच सावकारांचा तगादा बहुतांशीं थांबतो.

परंतु सातव्या प्रकरणांत वकिलाची थकलेली फीही इतर कर्जांबरोबर बुडते! म्हणून तो ती आगाऊ घेतो. तेराव्यांत ती हप्त्यांतून वसूल होऊं शकते. यामुळें रोकड नसलेला अशील पुष्कळदां लांबच्या वाटेस लागतो. ती वाट अशिलाच्या हिताची कीं केवळ फीच्या सोयीची, हें पारखण्यांतच या वकिलाची खरी कसोटी आहे.