भोक सारखं, चोर वेगळे

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्यात पिकत आलेला पेरू गळतो, त्यावर बारीक भोक दिसतं, आणि आपण लगेच फवारणीचा पंप उचलतो. थांबा. आधी फळ कापून बघू.

आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. मादी सालीखाली अंडी घालते. गर खाते ती अळी. पोट भरलं की ती मातीत उतरून कोषात जाते. म्हणून गळालेली फळं रोज वेचून खोल पुरायची, मिथाईल युजेनॉलचे सापळे लावायचे. त्यांत फक्त नर अडकतात, तेव्हा निव्वळ सापळ्यांवर भागत नाही.

अळी नाही, पण भोकाभोवती मऊ पडून सडलंय? मग संशय रसशोषक पतंगावर. हा डाळिंब, मोसंबीलाही सोडत नाही. इथं सगळं उलटं: रात्री येऊन टणक सोंडेनं साल भोसकतो तो मोठा पतंग, मागून बुरशी शिरते. त्याची अळी फळात नसतेच, ती बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर वाढते. म्हणून रात्री बॅटरी घेऊन बघायचं, फळांना पिशव्या बांधायच्या, बागेलगतच्या या वेली काढायच्या.

एकाचं पोर खातं, दुसऱ्याचे आईबाप. हे ओळखलं नाही, तर औषधाचे पैसेही जातात आणि फळही.