वालाच्या दाण्यातलं संशोधन

कमला सोहोनी हे नाव निघालं की गोष्ट एकच सांगितली जाते. १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या आणि अखेर एक वर्षाच्या अटीवर आत गेल्या. गोष्ट खरी आहे, सांगायलाच हवी. पण आत गेल्यावर या बाईंनी पुढे आयुष्यभर केलं काय, ते राहूनच जातं. मला ते काम त्या प्रवेशाहून मोठं वाटतं.

जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ; थोरली बहीण दुर्गा भागवत. बंगळूरला एम. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवताना पेशी ज्या साखळीतून इलेक्ट्रॉन पुढे सरकवते, तिच्यातलं हे लोहयुक्त प्रथिन. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ते माहीत होतं. वनस्पतीही श्वसनासाठी तीच वाट वापरतात, याला या शोधाने बळ आलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ ची ही पीएच.डी.

दिल्ली आणि कुन्नूर करून, १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. इथे त्यांनी हात घातला तो वालाला.

आमच्या नाहूर-मुलुंडच्या भाजीबाजारात मोड आलेले वाल आजही वाट्याने मिळतात. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि नीट शिजवायचे, हे कुणी शिकवावं लागत नाही. कच्च्या वालात काय असतं? स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, आतड्यात प्रथिनांची साखळी ठरावीक जागी तोडतं. वालात अशी प्रथिनं असतात जी ट्रिप्सिनच्या नेमक्या त्या तोडणाऱ्या जागेवर जाऊन घट्ट बसतात; कात्रीच्या पात्यांत खडा अडकावा तशी. मग खाल्लेलं प्रथिन पुरतं पचत नाही. सोयाबीनमधला असा रोधक अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी स्फटिकरूपात मिळवला होता. सोहोनींनी के. एस. आंबे यांच्यासह वाल आणि डबल बीमधले रोधक स्फटिकरूपात वेगळे केले. ते टिपण १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. उष्णतेने अशा रोधकांची घडी मोडते आणि त्यांचा जोर बराचसा ओसरतो. सोललेल्या वालांच्या, म्हणजे डाळिंब्यांच्या, उसळीमागचं रसायन इतकं नेमकं असतं!

यात मला त्यांची खरी निवड दिसते. केंब्रिजहून आलेल्या माणसाला तिथल्याच प्रश्नांवर काम करत राहता आलं असतं. सोहोनींनी प्रश्न घेतले ते गरिबाच्या ताटातले: कडधान्यं आणि नीरा. कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा उपयोग होतो का, हे त्यांनी तपासलं. त्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद मात्र बरंच उशिरा आलं. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्या अन्नभेसळीविषयी लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

विकर आणि रोधकांचा हा धागा आमच्या शेजारी, मुलुंडमध्येही सापडतो. तिथल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात, गुजरातेत लोणच्याला वापरतात त्या गरमर या वनस्पतीच्या जातीतून फोर्स्कोलिन मिळवलं गेलं. ते ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला चालना देतं; त्याच्या आधारे जगभरच्या प्रयोगशाळांनी पेशीच्या आतला संदेशवहनाचा मार्ग अभ्यासला. सह्याद्रीत आढळणाऱ्या एका झाडातल्या रोहिट्युकिनवरून घडवलेलं फ्लेव्होपिरिडॉल हा तर सरळ रोधकच: पेशीविभाजन घडवणाऱ्या कायनेज विकरांना तो अडवतो. या गटातलं माणसांवर चाचणी झालेलं ते पहिलं औषध. रक्ताच्या कर्करोगावर त्याच्या चाचण्या झाल्या.

हे सगळं इंग्रजी शोधनिबंधांत पडून आहे. विज्ञान शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: वालावरचे, नीरेवरचे आणि मुलुंडचे निबंध मिळवा, आणि त्यांतले प्रयोग आठवी-नववीच्या मुलांना कळतील असे मराठीत मांडा.