आठ दिवसांत उजळपणा? आधी डबी उलटून वाचा

लग्नसराई जवळ आली की वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजारात चेहऱ्याच्या क्रीमची विचारणा वाढते. ‘आठ दिवसांत फरक दिसतो’ असे कुणी सांगितले की डबी लगेच घरी येते. पण फरक जितका झटपट, तितका संशय जास्त घ्यावा. शेजारच्या अकोल्यातील एका घटनेने हेच दाखवून दिले.

तेथील एका विद्यार्थिनीने स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम लावायला सुरुवात केली. चेहरा उजळला, कौतुक झाले. ते पाहून आई आणि बहीणही तीच क्रीम वापरू लागल्या. काही महिन्यांत, 2022 च्या सुरुवातीला, तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आल्याचे निदान झाले. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, हे कोडे होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा सापडला.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया पारा रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पाय सुजणे ही त्याची लक्षणे. टॉवेल, उशीच्या खोळीतून हा पारा घरातील लहान मुलांपर्यंतही पोहोचू शकतो.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे असलेल्या ट्यूब म्हणजे सौंदर्यप्रसाधने नव्हेत, ती औषधे आहेत. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने 2018 मध्ये केला. तरीही वांग किंवा मुरुमांसाठी त्या मैत्रिणीच्या सल्ल्याने लावल्या जातात. महिनोन्महिने वापरल्यास त्वचा पातळ होते, लाली येते, चेहऱ्यावर लव वाढते. बंद करताच आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांची मदत घ्यावी.

मग खरेदी करताना काय पाहावे? उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी. परदेशी मालावर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक हवा. यातले काही नसेल, तर डबी परत ठेवावी. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल ही पाऱ्याचीच नावे. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असेल, तर तीही पाऱ्याची खूण असू शकते. सुट्या डबीत भरून मिळणारी क्रीम तर घेऊच नये.

रोजच्या निगेला तीनच गोष्टी पुरतात: सौम्य फेसवॉश, त्वचेला मानवेल असे मॉइश्चरायझर आणि किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन. चेहरा दिवसातून दोनदा धुतला तरी पुरे. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन चेहरा व मानेला लावावे, उन्हात असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वऱ्हाडच्या उन्हात शेतात राबणाऱ्यांनी सोबत रुमाल किंवा ओढणीही बांधावी. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावी. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळू नये, त्याने त्वचा भाजू शकते.

संशयास्पद क्रीम वापरात असेल तर ती थांबवावी, पण डबी फेकू नये. ती घेऊन जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. साधी तपासणी आहे, पण वेळेत झाली तर मूत्रपिंड वाचू शकते. चेहऱ्याचा मूळ रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही.