टेस्ट ट्यूब बेबीलाही वय आडवं येतं

‘वयाचं काय एवढं? नाहीच झालं लेकरू, तर नागपूरला जाऊन टेस्ट ट्यूब करून घेऊ.’ शिक्षण-नोकरीपायी लग्नं लांबू लागली तसं हे वाक्य बालाघाटच्या बैठकींतही रुळलंय. पाठोपाठ पुरावा म्हणून गुंटूर येतं: २०१९ साली तिथे सत्तरी ओलांडलेल्या बाईंना आयव्हीएफने जुळ्या मुली झाल्या. घटना खरी, पण सांगणारा अर्धीच सांगतो. बीजं त्या बाईंची नव्हती, दुसऱ्या स्त्रीने दिलेली होती. गर्भाशय औषधांच्या आधाराने उतारवयातही गर्भ धरू शकतं. आधी थकतं ते बीज. आणि आयव्हीएफ करतं काय, तर बीज आणि शुक्राणूंची गाठ शरीराबाहेर घालून देतं. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आईची अडचण बंद गर्भनलिकांची होती, वयाची नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला असं बाळ जन्मलं, त्यानंतर तंत्र कितीतरी सुधारलं. जुनं बीज तरुण करणारी प्रयोगशाळा मात्र अजून निघालेली नाही.

मुलगी जन्मते तीच १० ते २० लाख बीजं घेऊन. वयात येईतो तीन-चार लाख उरतात, आणि भर कधीच पडत नाही. संख्येपेक्षा वाईट म्हणजे प्रत घसरते. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं वर्षानुवर्षं झिजतात, वाटणी चुकते; मग गर्भ रुजत नाही, रुजला तरी बहुधा पडतो. नॉर्वेतल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात पंचविशी ते तिशीच्या दरम्यान दहातला एक गर्भ पडत होता, पंचेचाळिशीपुढे निम्म्याहून अधिक. ब्रिटनच्या नियामक संस्थेचे आकडे सांगतात, स्वतःच्या बीजाचा एक गर्भ गर्भाशयात सोडला तर पस्तिशीच्या आत मूल होण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश, ४३-४४ ला शंभरात पाचच्या आसपास. परदेशी आकडे म्हणून झटकू नका. स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना करणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात आपल्याकडचा बीजसाठा सुमारे सहा वर्षं आधीच ओसरताना दिसला.

‘आमच्या आजीला तर चाळिशीत झालं!’ झालं असेल, पण ते बहुधा शेंडेफळ होतं. विसाव्या वर्षापासून बाळंतपणं होत आलेल्या बाईचं शेवटचं मूल आणि चाळिशीत पहिल्यांदाच सुरू केलेला प्रयत्न यांची बरोबरी होत नाही. शिवाय ज्यांना चाळिशीत झालं नाही, त्यांच्या गोष्टी घरात कोण सांगतो? पाळी नियमित म्हणजे बीजही चांगलं, हेही खोटं. एएमएच ही रक्ततपासणी बीजांचा साठा सांगते, प्रत नाही. पुरुषाला वय नसतं म्हणणाऱ्यांनी शुक्राणूंचा डीएनएही वयासोबत तुटत जातो हे ऐकावं. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने या उपचाराला स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ अशी वयाची मर्यादा घातली आहे. बीज देणाऱ्या स्त्रीचं वय २३ ते ३५ असावं लागतं आणि आयुष्यात एकदाच बीजं देता येतात, तीही सातपेक्षा जास्त काढता येत नाहीत. पस्तिशी उलटलेल्या जोडप्याने वर्षभर नव्हे, सहा महिने वाट पाहून तपासणीला जावं. आणि सुरुवात नवऱ्याच्या वीर्यतपासणीपासूनही करावी. ती सोपी, स्वस्त, आणि तरीही सासरच्या मंडळींना सुनेच्या चार तपासण्या झाल्यावर आठवते ती.