काशीपुऱ्याचे नीळकंठशास्त्री आणि पंच हौदाचे देऊळ

पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाला २०२५ साली १४० वर्षे पूर्ण झाली. याच वर्षी आणखी एक हिशेब जुळला. हे देवालय ज्या पंच हौद मिशनचे, त्या मिशनशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या फादर नेहेम्या गोरे यांच्या जन्माला २०० वर्षे झाली. देऊळ पुण्याचे, माणूस झाशीकडचा. वर्धापनाच्या निमित्ताने देवळाची माहिती काढायला जावे आणि या माणसापाशीच अडकून पडावे, असे होते खरे.

देवळाची अधिकृत हकीकत थोडक्यात आटोपते. रिचर्ड मो बेन्सन यांनी १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात सेंट जॉन या सुवार्तिकाच्या नावाने एक अँग्लिकन संन्यासी संघ काढला. त्याच्या लोकांना ‘काउली फादर्स’ म्हणत. ते १८७०च्या दशकात मुंबईला आले आणि तिथून पुण्याला. वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या भगिनी १८७७ मध्ये आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. आवारातल्या पाच हौदांवरून मिशनला ‘पंच हौद’ नाव पडले. १८८५ मध्ये देवालयाचे समर्पण झाले. शेजारी सुमारे १३० फुटांचा सुटा मनोरा उभा राहिला आणि त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा टांगल्या गेल्या.

घंटा आठच का, याला कारण आहे. षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत पूर्ण सप्तक मिळते. इंग्लंडमधल्या वादनपद्धतीत मात्र या सुरांतून गाणे वाजवत नाहीत. प्रत्येक घंटेला एक दोरी आणि प्रत्येक दोरीला एक माणूस. घंटा चाकाला जखडलेली असते. दोरी ओढली की ती तोंड वर करून उलटी होते, क्षणभर तोलावर थांबते आणि मग पूर्ण वेढा घेऊन परत येते. तोलावरच्या त्या क्षणात ओढणाऱ्याने जरा धरले तर तिची पाळी मागे सरकते, लवकर सोडले तर पुढे. एवढे जड धूड हाताच्या जोरावर आवरता येत नाही, ते अंदाजावरच आवरावे लागते. एका फेरीत कोणतीही घंटा आपल्या जागेपासून एकाच घराने हलू शकते. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात. रागदारीवर वाढलेल्या कानाला हा गणिती खेळ कोरडा वाटेल, पण एकदा हिशेब कळला की तो सोडवत नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आठ घंटा आहेत, त्या १९०४ च्या. म्हणजे दोन अष्टके मराठी मुलखातच आहेत.

इतके असूनही पुणेकराला ‘पंच हौद’ म्हटल्यावर घंटा आठवत नाहीत, चहा आठवतो. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये झालेल्या समारंभाला रानडे, टिळक, गोखले यांच्यासह शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली होती. चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांचा या खटाटोपात मोठा हात होता. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि सुधारकांची नाराजी ओढवून घेतली. या गोष्टीत सगळे आहेत: सनातनी, सुधारक, वर्तमानपत्र, शंकराचार्य. नाहीत फक्त ते लोक, ज्यांच्या आवारात हे घडले.

गोरे त्या वेळी हयात होते, पासष्ट वर्षांचे.

फादर नेहेम्या म्हणजे मूळचे नीळकंठ गोरे. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा गावी झाला. झाशीवर तेव्हा नेवाळकरांची सत्ता होती आणि बुंदेलखंडात मराठी घराणी चांगली रुजली होती. गोरे कोकणस्थ ब्राह्मण. घराणे बांद्याच्या नवाबाच्या चाकरीतले, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशाच्या दरबारातले. कुटुंब पुढे बनारसला गेले आणि नीळकंठाचे शिक्षण तिथेच झाले. बनारसच्या मोरोपंत तांब्यांची मनू काही वर्षांनी नेमकी उलट्या वाटेने झाशीला आली आणि लक्ष्मीबाई झाली. मराठी इतिहासाने एकच वाट लक्षात ठेवली.

बनारसमधल्या या तरुण शास्त्र्याला मिशनरी अजिबात आवडत नसत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माच्या बाजूचा ग्रंथ संस्कृतात लिहिला होता. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतले एक नीळकंठाचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती किंवा नुकती ओलांडली होती. नंतर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालायला ते स्वतःहून जाऊ लागले. स्मिथना हरवावे हा हेतू. वाद वर्षानुवर्षे चालला आणि अखेर हरवायला गेलेल्यानेच १४ मार्च १८४८ रोजी बाप्तिस्मा घेतला, तोही बनारसमधला गहजब टाळण्यासाठी जौनपूरला जाऊन.

पुढची कहाणी विजयगाथेसारखी सांगण्याचा मोह मिशनऱ्यांना झाला असेल, पण गोरे त्या साच्यात बसत नाहीत. १८५४ मध्ये पंजाबच्या पदच्युत महाराजा दलीपसिंगांचे पंडित म्हणून ते इंग्लंडला गेले. संस्कृतज्ञ मॅक्सम्युलरने त्यांची आठवण लिहून ठेवली आहे. लंडन पाहून हा माणूस खचला होता. ज्या धर्मासाठी घरदार सोडले, त्या धर्माचा देश असा कसा, हे त्याला उमगत नव्हते. परत आल्यावर त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिला आणि सहा दर्शनांवर त्या त्या दर्शनाच्याच परिभाषेत टीका केली. फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. १८७० मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते काउलीला जाऊन संघात उमेदवार म्हणून दाखल झाले.

आणि उमेदवारच राहिले. कायमचे व्रत त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. शंका त्यांची पाठ सोडत नसत. लोकांपुढे ख्रिस्ती धर्माची बाजू ज्या तर्काने मांडायची, तोच तर्क एकांतात स्वतःवर उलटे. नैयायिकाची बुद्धी धर्म बदलला म्हणून बदलत नाही. पूर्वपक्ष मनात पूर्ण ताकदीने उभा केल्याशिवाय त्यांना उत्तरपक्ष लिहिता येत नसे, आणि हा पूर्वपक्ष नंतर जागचा हलत नसे. हे दौर्बल्य मानावे की सचोटी, यावर दोन मते होतील. प्रस्तुत लेखाचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. त्यांच्या लेखनाने पटलेल्यांत पंडिता रमाबाई होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला बाप्तिस्मा घेण्याच्या निर्णयात गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता, हे त्यांनी स्वतः कृतज्ञतेने नोंदवले आहे. दुसऱ्याचा संशय फिटला, स्वतःचा राहिला.

घरचे दुःख वेगळेच. पत्नी लक्ष्मीबाई धर्मांतरानंतर त्यांच्याकडे आली, पण १८५३ मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई वारली. मुलगी एलन लक्ष्मी आधी एका निळीच्या मळेवाल्याकडे वाढली, मग स्टॉर्स नावाच्या पाळकाच्या कुटुंबात, इंग्लंडला. १८८० मध्ये ती हिंदुस्थानात परतली. तिचे एक इंग्रजी स्तोत्र पुढे जगभरच्या मंडळ्यांत गायले गेले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी गोरे मुंबईत वारले.

आता हा देवळाचा आणि गोऱ्यांचा वारसा सांभाळण्यातल्या अडचणी. पहिली अडचण कागदांची. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध झाला, म्हणजे लिहिल्यावर शतकाहून अधिक काळाने. गोऱ्यांचे चरित्र गार्डनर यांनी १९०० मध्ये लिहिले, इंग्रजीत. पंच हौद मिशनचा इतिहास फादर एल्विन यांनी १९११ मध्ये लिहिला, तोही इंग्रजीत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांची भाषा मराठी, आणि लिहिणाऱ्यांचे वाचक इंग्लंडमधले. साहजिकच अशा पुस्तकांत फादरांची नावे ठसठशीत येतात आणि इथली ख्रिस्ती मंडळी बहुधा संख्येत येते.

दुसरी अडचण पैशाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, आणि पवित्र नाम देवालय आज तिच्या पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. मान वाढला. पण विलायती मदतीच्या भरवशावर बांधलेली वास्तू सांभाळायची ती इथल्या वर्गणीतून. दगडी भिंतीला सिमेंट फासले की आतली ओल अडकते आणि चुन्याचे जुने काम भुसभुशीत होते. ते चुन्यानेच दुरुस्त करावे लागते, आणि चुना मळणारे, भिजवणारे हात आता थोडे आणि महाग. मनोऱ्याचे तर विचारूच नका. घंटा हलल्या की मनोरा किंचित डोलतो, तसा तो डोललाच पाहिजे. पण सांधे ढिले असतील तर हे डोलणेच त्याला खाते. घंटा नुसत्या टांगून ठेवल्या तर चाके आणि लाकूड कुजते. वाजवाव्यात तरी खर्च, न वाजवाव्यात तरी खर्च.

तिसरी अडचण पुण्याचीच आहे. पेठांतले कुटुंब वाढले की मुले उपनगरात फ्लॅट घेतात. रविवारी सकाळी दोन नद्या आणि चार सिग्नल ओलांडून गुरुवार पेठेत यायचे, तिथे गाडी लावायला जागा शोधायची, तर घराजवळच्या चर्चमध्ये गेलेले काय वाईट? मुले इंग्रजी शाळेतली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची पदे आजीला तोंडपाठ, नातवाला देवनागरी अडखळत वाचावी लागते.

वर्धापनासाठी स्मरणिका काढायची तर खरा ऐवज नोंदवह्यांत असतो. अँग्लिकन शिस्तीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावीच लागते. नाव, बापाचे नाव, धंदा, गाव. चहा प्रकरणाच्या दिवशी या आवारात कोण राहत होते, पाणी कोण भरत होते, शाळेत कोणाच्या मुली होत्या, याचा माग कुठे लागलाच तर अशाच वह्यांत लागेल. शंभर वर्षांपूर्वीची शाई कागद पोखरते आणि पुण्याचा पावसाळा तिला मदत करतो. अशा वह्यांची छायाचित्रे काढायला उजेडाची एक खोली, दोन धीराची माणसे आणि एखादा उन्हाळा पुरतो. मनोऱ्याच्या दुरुस्तीपुढे हा खर्च किरकोळ आहे.